परदेशातून मूल दत्तक घ्यायचंय? कोल्हापूरच्या जोडप्यासाठी पहिल्या फोनपासून ओसीआय कार्डापर्यंत

कोल्हापूरला दत्तक नवीन नाही. १८८४ साली कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव दत्तक आले आणि पुढे राजर्षी शाहू महाराज झाले. १९४७ साली देवासहून आलेले विक्रमसिंह शहाजी छत्रपती झाले. राजवाड्याचं सोडा, करवीर-कागलच्या कुठल्याही वाड्यात चौकशी केली तर एखादे काका, आत्या, आजोबा ‘दत्तक गेलेले’ निघतातच. भावाचं मूल ओटीत घेतलं, भटजी आले, पेढे वाटले, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं की विषय मिटला, अशी आपली समजूत असते.

भाऊ न्यू जर्सीत आणि मुलाच्या हातात अमेरिकेचा पासपोर्ट असला की ही समजूत महागात पडते. म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: मूल आधी आणून कागद नंतर करायचे नाहीत. परदेशातल्या दत्तकात कामांचा क्रम चुकला तर पैसा, ओळख, चांगली वागणूक यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

सोयीसाठी एक जोडपं धरू. शाहूपुरीतले प्रताप आणि अश्विनी, लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. प्रतापचा धाकटा भाऊ रणजित न्यू जर्सीत स्थायिक. त्याला दोन मुली, धाकटी तीन वर्षांची. दोघा भावांचं आणि दोघी जावांचं ठरलंय की धाकटीला प्रताप-अश्विनीनं दत्तक घ्यायचं. जोडपं काल्पनिक आहे, पण परदेशातल्या दत्तकाबद्दल कोल्हापूर-सांगलीकडून विचारणा होते ती बहुतेक अशाच नात्यातल्या मुलाबद्दल असते.

परक्या मुलाचा विचार असेल तर

काहींचा प्रश्न वेगळा असतो: ‘इथं कारामध्ये (दत्तकाचं काम बघणारं केंद्रीय प्राधिकरण) नाव नोंदवलं की तीन-चार वर्षं वाट बघावी लागते, मग नेपाळमधून किंवा चीनमधून मूल आणता येणार नाही का?’ माझं उत्तर सरळ आहे: रांग चुकवण्यासाठी हा रस्ता धरू नका. चीननं २०२४ मध्ये परदेशी लोकांना मूल दत्तक देणं जवळपास बंद केलं. सावत्र मुलं आणि जवळचे रक्ताचे नातेवाईक एवढाच अपवाद ठेवला. इथिओपियानं २०१८ मध्येच दार लावलं. नेपाळ हेग करारात, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात, नाही आणि तिथल्या मुलांच्या कागदांबद्दल शंका आल्यानं अनेक देशांनी २०१० पासून तिथून मुलं घेणं थांबवलं होतं. बऱ्याच मुस्लिम देशांच्या कायद्यात आपल्या अर्थाचं दत्तक नाहीच. तिथं ‘कफाला’ म्हणजे सांभाळ करण्याची जबाबदारी मिळते, आईबाप होण्याचा हक्क मिळत नाही. आणि जिथं दार उघडं आहे तिथंही आधी त्या देशातच मुलासाठी घर शोधलं जातं.

ज्यांना फक्त मूल हवं आहे, मग ते कुठलंही असो, त्यांनी काराच्या पोर्टलवर नोंदणी करावी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बोलावं. मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलाचं नाव कोल्हापूरकरांना सांगायला नको. वाट बघावी लागेल, पण ती वाट कायद्याची आणि माहितीची आहे.

आता प्रताप-अश्विनीकडे वळू.

पहिला प्रश्न: पासपोर्ट कुठला आणि मूल राहतं कुठं?

भावाशी बोलणं झाल्यावर वकिलाकडे जाण्याआधी या दोन गोष्टी कागदावर लिहा. पुढचं सगळं यावरच ठरतं.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाकडे सहसा अमेरिकी पासपोर्ट असतो, आईबाप एच-वन-बीवर, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, असले तरी. ब्रिटनमध्ये तसं नाही. १९८३ पासून तिथं नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एकजण नागरिक किंवा तिथं कायमचा स्थायिक असावा लागतो. आखातात तर जन्मानं नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नच नाही. दुबईत जन्मलेलं तुमच्या मेहुण्याचं मूल, आईबाप भारतीय असतील आणि वर्षाच्या आत दूतावासात जन्म नोंदवला असेल, तर भारतीयच आहे. अशा मुलाची वाट पुष्कळ सोपी असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ आणि बाल न्याय कायदा २०१५ हे दोन्ही रस्ते तपासता येतात. मात्र बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. आपण चुलत भावालाही सख्खाच मानतो, कायदा मानत नाही.

रणजितची मुलगी अमेरिकी नागरिक आहे आणि तिथंच राहते. इथं मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल माहीत असायलाच हवा. एका भारतीय जोडप्याला नात्यातलं, अमेरिकेत जन्मलेलं मूल दत्तक घ्यायचं होतं. मूल काही महिन्यांचं असतानाच भारतात आणलेलं होतं. कारानं नोंदणी नाकारली म्हणून ते न्यायालयात गेले. न्यायालयानं सांगितलं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं किंवा कायद्याशी संघर्षात आलेलं मूल नसेल, तर परदेशी नागरिक असलेल्या मुलाला आपला बाल न्याय कायदा लागू होत नाही, मग ते नात्यातलं का असेना. असं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकाला नाही. आधी अमेरिकेच्या कायद्यानं दत्तक पूर्ण करा, मग त्या मुलाला भारतात आणण्याची पुढची प्रक्रिया करा, असा त्याचा अर्थ.

म्हणजे ‘सुट्टीला म्हणून आणू, सहा महिने राहू दे, तोवर इथं दत्तकपत्र करून टाकू’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमानं ऐका आणि बाजूला ठेवा. मूल इथं आलं, शाळेत गेलं, तुम्हाला आई-बाबा म्हणू लागलं आणि कागद मात्र दोन्ही देशांच्या मधे लोंबकळत राहिले, तर त्याची शिक्षा मुलाला होते. आधीच अशा अडचणीत असाल तर न्यायालयाचा रस्ता उरतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळे त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या तरी वाचतील.

घरातली बैठक

कायद्याच्या आधी एक बोलणं व्हायला हवं आणि ते फोनवर उरकू नये. धाकटीला इकडे का पाठवायचं? ‘दादाला मूल नाही’ हे मोठ्यांचं कारण झालं. मुलीच्या बाजूनं कारण काय? तिथला न्यायाधीश नेमकं हेच विचारणार आहे. आईबाप धडधाकट, कमावते, मोठी बहीण घरात, आणि तीन वर्षांच्या पोरीला तेरा हजार किलोमीटरवर पाठवायचं, तर उत्तर पटण्याजोगं असावं लागतं. काही घरांत ते असतं: आईचं गंभीर आजारपण, वडिलांचं निधन, किंवा मूल बराच काळ काकूच्याच अंगावर वाढलेलं. काही घरांत नसतं. नसेल तर तिथंच थांबण्यात कमीपणा नाही.

पोटात असतानाच ‘हे तुमचं’ म्हणून शब्द द्यायची आपल्याकडे रीत आहे. आंतरदेशीय दत्तकासाठीचा हेग करार, जो १९९३ साली झाला आणि भारतात २००३ पासून लागू आहे, या शब्दाला किंमत देत नाही. आईची संमती मूल जन्मल्यानंतरचीच हवी, दडपणाविना, लेखी हवी, आणि तिच्या बदल्यात पैसा किंवा कसलाही मोबदला दिलेला नसावा. ‘आम्ही तुझ्या वाटणीची जमीन तुझ्या नावावर करतो, तू मुलगी दे’ असलं काही घरात बोललं गेलं असेल तर दत्तकाचा विषयच थांबवा. भावांमधली वाटणी आणि मुलाचं दत्तक एकाच वर्षी, एकाच वकिलाकडे नेऊ नका, असंही मी सांगते. प्रत्यक्षात काही गैर नसलं तरी कागदावर ते वाईट दिसतं.

धाकट्या जावेशी अश्विनीनं एकटीनं बोलावं. सासऱ्यांसमोर, दिरासमोर सून ‘हो’ म्हणते. ते ‘हो’ तिथल्या समुपदेशकासमोर टिकलं नाही तर सगळं मोडतं, आणि मोडलेलंच बरं.

काराला पत्र, तिकडे वकील

भारतात या कामाची केंद्रीय यंत्रणा म्हणजे दिल्लीतलं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, सगळे ‘कारा’ म्हणतात. राज्याची यंत्रणा पुण्यात, महिला व बालविकास आयुक्तालयाशी जोडलेली. काराच्या पोर्टलवर नातेवाइकांतल्या दत्तकाचा अर्ज दिसतो, तो भारतीय मुलांसाठी आहे. परदेशी नागरिक असलेल्या मुलासाठी तो भरला तर नुसता वेळ जातो.

दत्तक नियमावली २०२२ मध्ये परदेशातून मूल आणणाऱ्या भारतीयांसाठी वेगळी तरतूद आहे. सुरुवातीची सगळी प्रक्रिया त्या देशात, त्या देशाच्या कायद्यानं होते. भारत ‘मूल स्वीकारणारा देश’ ठरतो आणि हेग कराराच्या कलम ५ आणि १७ खाली जी मंजुरी लागते ती कारा देते. त्यासाठी तीन अहवाल लागतात: तुमचा गृह अध्ययन अहवाल (सगळे त्याला होम स्टडीच म्हणतात), मुलाचा अभ्यास अहवाल आणि मुलाचा वैद्यकीय अहवाल. म्हणून पहिलं पत्र, ई-मेलनं आणि पोस्टानंही, काराला जातं. त्यात नातं, मुलाचं नागरिकत्व, मूल आज कुठं राहतं, आईबाप हयात आहेत का, आणि आम्हाला तुमच्या मंजुरीची प्रक्रिया कळवा, एवढंच लिहा. भावनिक मजकूर नको. उत्तराची प्रत जपून ठेवा, तिकडच्या न्यायालयात ती लागेल.

त्याच आठवड्यात रणजितनं न्यू जर्सीत दत्तकाचीच कामं करणारा वकील गाठावा. इमिग्रेशनचा वकील वेगळा, दत्तकाचा वेगळा. अमेरिकेत दत्तकाचा कायदा राज्याराज्यात निराळा आहे, त्यामुळे टेक्सासमधल्या मित्राचा अनुभव न्यू जर्सीत चालेलच असं नाही. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगायचं की हे देशाबाहेर जाणाऱ्या मुलाचं, हेग कराराखालचं दत्तक आहे. हे न सांगता साधं कौटुंबिक दत्तक करून घेतलं तर कराराचं प्रमाणपत्र मिळताना अडतं. एरवी अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या मुलासाठी आधी देशांतर्गत कुटुंब शोधावं लागतं, नात्यातल्या दत्तकाला त्यातून सूट आहे.

भाऊ इंग्लंडमध्ये असेल तर जास्त जपून. तिथं राहणारं मूल दत्तकासाठी देशाबाहेर न्यायचं तर आधी न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्याआधी किमान दहा आठवडे मूल तुमच्याजवळ, म्हणजे तिथंच, राहिलेलं असावं लागतं. आदेशाविना नेणं हा गुन्हा आहे. दहा आठवड्यांची रजा कोणाला मिळते, हे आधी बघा.

मूळ करारात एक सवलत आहे, ती माहीत असावी. परक्या मुलाच्या बाबतीत मंजुऱ्या होईपर्यंत दत्तक घेणाऱ्यांनी जन्मदात्या आईबापांशी संपर्कच ठेवायचा नसतो. नात्यातल्या दत्तकाला हा नियम लागू नाही. तेव्हा जावा-जावांनी व्हिडिओ कॉल बंद करायची गरज नाही.

कोल्हापुरातली फाइल

इथं लोक सगळ्यात जास्त वैतागतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: नावं जुळत नाहीत. आधारवर ‘अश्विनी प्रताप’, पॅनवर माहेरचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘आश्विनी’, पासपोर्टवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. इथल्या कचेरीत ‘एकच व्यक्ती’ म्हणून अ‍ॅफिडेव्हिट चालून जातं, परदेशातल्या न्यायालयात प्रत्येक फरकावर प्रश्न येतो. फाइल सुरू करण्याआधी महिनाभर फक्त नावं दुरुस्त करण्याला द्या. आधी पासपोर्ट ठरवा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, उलटं करू नका. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पण कार्यालय पुण्याचं, त्यामुळे शंका निघाली तर पुण्याची चक्कर धरून चाला.

लग्नाचा दाखला हा दुसरा अडथळा. वीस वर्षांपूर्वी कार्यालयात धूमधडाक्यात लग्न झालं, अल्बम आहे, सीडी आहे, नोंदणी नाही, अशी घरं आजही आहेत. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत उशिरा नोंदणी होते. पत्रिका, फोटो, साक्षीदार आणि भटजींची सही लागते, तेव्हा भटजी हयात असेपर्यंत हे काम उरका.

बाकीची यादी अशी: दोघांचे जन्मदाखले, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रक किंवा धंद्याचे कागद, राहत्या घराचा पुरावा, पोलीस क्लिअरन्स, दोघांचे वैद्यकीय दाखले, आधी घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा, कुटुंबाचा फोटो. गूळ-ऊस-दूध यांवर घर चालत असेल तर विवरणपत्रात उत्पन्न तोकडं दिसतं. सात-बारा, कारखान्याची ऊस बिलं, दूध संघाची पावती-पुस्तकं आणि बँकेचा उतारा जोडून सीएकडून एक पानी खुलासा करून घ्या. परदेशी न्यायाधीशाला शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं हे माहीत नसतं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित हवं. नुसती नोटरी पुरत नाही, अपोस्टिल लागतं, म्हणजे त्यासाठीच्या करारातल्या इतर देशांत चालणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, अमेरिका, ब्रिटनही आहेत. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असा क्रम असतो. मुलाचे तिकडचे कागद इकडे येताना तेही त्या देशाचं अपोस्टिल करूनच यावेत. संयुक्त अरब अमिरातींसारखा देश या करारात नाही, तिथं दूतावासाच्या साक्षांकनाचा जुना रस्ता.

वयाची अट विचारणाऱ्यांसाठी: आपल्या नियमात दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोचं एकत्रित वय ८५ पर्यंत, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११० असं गणित आहे. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. नात्यातल्या दत्तकात वयाची ही मर्यादा लावत नाहीत. तिकडच्या राज्याची अट मात्र वकिलाला वेगळी विचारा.

होम स्टडी

सामाजिक कार्यकर्ता घरी येतो म्हटल्यावर घराला रंग काढणारी माणसं मी पाहिली आहेत. रंगाचा काही उपयोग नाही. कारा सांगेल त्या संस्थेचा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस येतो तो तुम्हाला ओळखायला: तुमचं लग्न कसं चाललंय, मूल न होण्याचं दुःख बोलून झालंय का, रागावल्यावर कोण काय करतं, पैसा कोण सांभाळतं, तुम्हाला काही झालं तर मुलीला कोण बघेल.

नात्यातल्या दत्तकात त्याचा रोख आणखी एका गोष्टीवर असतो. दिवाळीला रणजित आणि त्याची बायको कोल्हापूरला आले आणि मुलीनं आठ दिवस त्यांचंच बोट धरलं, तर अश्विनीला काय वाटेल? मुलगी सोळा वर्षांची होऊन म्हणाली, ‘मला तिकडे जायचंय,’ तर? याचं पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. दोघांनी आधी एकमेकांशी बोलून ठेवा आणि मतभेद असतील तर तेही सांगा. मतभेद असण्यानं अहवाल वाईट होत नाही, लपवण्यानं होतो.

सासूबाई-सासऱ्यांशीही बोलणं होतं. एकत्र कुटुंब असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण दुपारभर मूल त्यांच्याकडेच राहणार. आजोबांनी ‘मुलगा असता तर वंश चालला असता’ असा सूर लावला तर कार्यकर्ता ते लिहितो. आधीच्या आजारांबद्दल, थायरॉइड असो की नैराश्याच्या गोळ्या, खरं सांगा. औषधावर नियंत्रणात असलेला आजार सहसा आड येत नाही. हा अहवाल आपल्या नियमानुसार तीन वर्षं वैध असतो.

तिकडची प्रक्रिया आणि प्रवास

दोन्ही देशांच्या यंत्रणांनी ‘पुढे जायला हरकत नाही’ असं एकमेकांना कळवेपर्यंत मूल ताब्यात घ्यायचं नाही, हे हेग कराराचं सूत्र आहे. त्या होकारानंतर न्यायालयाची तारीख, मग हुकूमनामा, मग दत्तक कराराप्रमाणे झाल्याचं कलम २३ चं प्रमाणपत्र. अमेरिकेत ते परराष्ट्र खातं देतं. हे प्रमाणपत्र म्हणजे सगळ्या फाइलचा जीव. ते असलं की करारातल्या इतर देशांत, भारतातही, ते दत्तक कायद्यानं मान्य होतं. मूळ प्रत लॅमिनेट करू नका आणि न्यायालयाकडून हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती तेव्हाच घ्या.

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाल तेव्हा कारण खरं सांगा. ‘भावाकडे फिरायला’ म्हणून जाऊन न्यायालयात उभं राहणं पुढच्या प्रत्येक अर्जात आड येऊ शकतं. आदल्या रात्रीची महालक्ष्मी धरून सकाळी त्याच दिवशी मुलाखत ठेवण्याचं धाडस मात्र करू नका, गाडीचा भरवसा नाही.

हुकूमनाम्यानंतर तिथल्या राज्याकडून दत्तक आईबापांच्या नावाचा नवा जन्मदाखला निघतो. कोल्हापूर महापालिका हा दाखला देऊ शकत नाही, जन्म तिथं झालेला असतो. जुना दाखला फेकू नका, दोन्ही ठेवा. मग नव्या नावाचा पासपोर्ट. त्यानंतर भारताचा व्हिसा: परदेशी पासपोर्टवरच्या मुलाला तो लागतोच. भारतीय दूतावास दत्तक रीतसर झालं का हे तपासून व्हिसा देतो, आणि गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरीही दूतावासामार्फतच घेतली जाते. परतीचं तिकीट या सगळ्यानंतर काढा.

खर्च तिकडच्या वकिलाच्या फीवर सगळ्यात जास्त होतो. प्रत्येक रक्कम बँकेतून द्या आणि पावती घ्या. भावाच्या खात्यावर मोठी रक्कम पाठवू नका, दत्तकाशी संबंध नसला तरी. कायदेशीर प्रक्रिया डावलून मूल दिल्या-घेतल्यास आपल्या बाल न्याय कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहेत, खरेदी-विक्री ठरली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

कोल्हापुरात आल्यावर

पहिले दोन आठवडे कुणालाही जेवायला बोलावू नका. गल्लीतल्या सगळ्यांना पोरीला बघायचं असतं, आणि तिला दिवसा झोप आणि रात्री दोन वाजता खेळ हवा असतो. बारसं, नामकरण, अंबाबाईची ओटी, जोतिबाला गुलाल, सगळं महिन्यानं. पहिल्या दिवशी तांबडा रस्सा तर नाहीच. मऊ भात, दूध, तिकडे खात होती ते सिरीयल, आणि तिची तिकडची उशी. उशी धुऊ नका, तिला तो वास हवा असतो.

बालरोगतज्ज्ञांकडे तिकडचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत, टायफॉइडचीही नाही. कुठली लस आता द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

काका-काकू होते ते बाबा-आई झाले, हे तीन वर्षांच्या मुलीला सांगायचं कसं? लपवायचं नाही, आणि एकदाच गंभीर बैठक घेऊनही सांगायचं नाही. ‘तू रणजितबाबा आणि मम्मीच्या पोटची, आता आमच्या घरची’ हे फोटो दाखवत, जेवता-जेवता सांगत राहायचं. जन्मदात्यांना काय म्हणायचं हे चौघांनी आधी ठरवून ठेवा, नाहीतर तिची मोठी बहीण एक म्हणेल, आजी दुसरं. आपल्याकडे अख्ख्या भावकीला माहीत असलेली गोष्ट फक्त त्या मुलापासून लपवली जाते आणि लग्नाच्या वेळी कुणीतरी तोंड उघडतं. मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवण्याचं बंधन करारातही आहे. रणजित आणि त्याच्या बायकोनं आपल्या हातानं एक पत्र लिहून द्यावं, मुलगी मोठी झाल्यावर वाचेल असं.

आता नागरिकत्व. दत्तक झालं म्हणजे मुलगी आपोआप भारतीय झाली नाही, तिचा पासपोर्ट अमेरिकीच आहे. पात्रता असेल तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया), म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डासाठी अर्ज करता येतो आणि बहुतेक घरं तेच करतात. ते येईपर्यंत व्हिसाची मुदत आणि नोंदणीचे नियम ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर बघा. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. भारतीय नागरिकत्वाची नोंदणी हा वेगळा अर्ज आहे आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तो निर्णय घाईनं घेऊ नका.

ओसीआयवर ती इथं राहू शकते, शिकू शकते, पुढे नोकरीही करू शकते. मतदान करता येत नाही. शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसाहक्कानं येऊ शकते. शिरोळला दहा एकर ऊस असलेल्या आजोबांचा पहिला प्रश्न हाच असणार, तेव्हा मृत्युपत्र वकिलाकडून नीट करून घ्या. मेडिकलच्या प्रवेशाचंही आत्ताच माहीत असू द्या: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय झालेल्या विद्यार्थ्यांना नीटमधून एनआरआय कोट्यातल्या जागाच खुल्या आहेत, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखीव असलेल्या नाहीत.

शाळेत प्रवेशाला हुकूमनामा देऊ नका. नवा जन्मदाखला, पासपोर्ट आणि ओसीआय किंवा व्हिसाची प्रत पुरते. दत्तकाचा कागद कारकुनाच्या टेबलावर कशाला पडायला हवा? आधार मात्र लगेच निघत नाही. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणं झालं की ओसीआयधारकालाही काढता येतं, तोवर शाळेनं आग्रह धरला तर लेखी कळवा. मूळ देशानं दत्तकानंतरचे पाठपुरावा अहवाल मागितले असतील तर त्यांच्या तारखा फ्रीजवर चिकटवून ठेवा. मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांनी संपतो, ती तारीखही तिथंच लिहा, आणि ओसीआय विसाव्या वर्षानंतर एकदा नव्यानं काढावं लागतं, तीही.